एअरब्रश थुंकतोय? पाना हातात घेण्याआधी पाणी मारून बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा संध्याकाळी दारात उभा राहिला. एका हातात १/७२ स्केलचं सुखोई-३०, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा, आणि डब्यात एअरब्रशचे, म्हणजे हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या छोट्या गनचे, सुटे केलेले भाग. "काका, गन थुंकतीये. तीनदा खोलून धुतली, तरी थुंकतीये." विमानाच्या डाव्या पंखावर पाण्याचे थेंब पडून रंग पसरल्यासारखे गोल डाग होते. उजव्या पंखावर राखाडी रंग वाळूसारखा खरखरीत लागला होता. पुण्याच्या लोहगावहून उडून आपल्या डोक्यावरून जाणारं विमान त्यानं दोन महिने खपून जोडलं होतं आणि ते शेवटच्या अर्ध्या तासात बिघडलं होतं. मला जास्त वाईट वाटलं ते डबा बघून. नोझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते पुढचं बारीक तोंड, त्यानं पान्यानं इतकं आवळलं होतं की आटेच तुटून आत अडकले होते. मूळ दोष नोझलमध्ये नव्हताच. कॉम्प्रेसरच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेतलं पाणी अडवणाऱ्या भागात, पाणी साठलं होतं आणि रंग घट्ट होता. दोन पंखांवरच्या दोन वेगळ्या खुणा तेच सांगत होत्या.

फवारा बिघडला की आपला हात पहिल्यांदा नोझलकडे जातो. एअरब्रशमधला तोच सगळ्यात नाजूक भाग. खोलण्याचा क्रम उलटा हवा: पाणी, हवा, रंग आणि सगळ्यात शेवटी धातू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर बदलानंतर पुठ्ठ्यावर एक खूण मारून बघायची. प्रेशर, थिनर आणि नीडल (नोझलमधली सुई) एकदम बदललं, तर फवारा सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही. पुढच्या रविवारी तोच घोळ पुन्हा.

खाली जे लिहिलंय ते वरून रंग ओतायचा कप असलेल्या, डबल अ‍ॅक्शन एअरब्रशसाठी आहे. ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात ०.२ किंवा ०.३ मि.मी. नोझलचा असा एअरब्रश असतो.

पाण्याची चाचणी

कपातला रंग काढून घ्या. कप त्या रंगाच्या थिनरनं धुऊन पुसा. मग अर्धा कप पाणी आणि त्यात फाउंटन पेनच्या निळ्या शाईचे दोन थेंब. शाई एवढ्यासाठी की पुठ्ठ्यावर खूण दिसली पाहिजे. पाणी शक्यतो गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते, म्हणजे डिस्टिल्ड. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. ते सुकल्यावर बादलीला जसा पांढरा थर धरतो तसाच नीडलच्या टोकावर धरतो. एअरब्रशसाठी मी नळाचं पाणी वापरणं कधीच सोडलं.

प्रेशर १५ ते १८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. वर्तमानपत्रावर मारू नका, कागद शाई शोषतो आणि खूण पसरते. खोक्याचा गुळगुळीत पुठ्ठा किंवा जाड पांढरा कागद घ्या. आधी दहा सेंटीमीटरवरून ट्रिगर हळूच ओढत एक मोठा गोल ठिपका. मग दोन सेंटीमीटरवरून आडवी, सावकाश रेघ. मग तशाच चार-पाच रेघा, प्रत्येक वेळी ट्रिगर थोडा जास्त ओढून.

ठिपका सगळीकडून सारखा गोल, मध्ये गडद आणि कडेला विरळ होत गेलेला दिसला, रेघही न तुटता आली, तर धातूचा भाग बहुधा ठीक आहे. दोष रंगात किंवा हाताच्या सवयीत शोधा. ठिपका एका बाजूला कललेला, चंद्रकोरीसारखा किंवा मध्येच तुटलेला आला, किंवा पाणीसुद्धा धक्के देत बाहेर आलं, तर दोष हवेत किंवा धातूत आहे. एवढ्या एका फाट्यानं निम्मा शोध संपतो. एक मात्र लक्षात ठेवा. पाणी रंगापेक्षा पातळ असतं, त्यामुळे अर्धवट तुंबलेल्या नोझलमधूनही ते नीट जाऊ शकतं. रंग ताजा, पातळ आणि गाळलेला असूनही अडकत असेल, तर पाण्यानं दिलेली पावती विसरून नोझलकडे परत या.

गणेशोत्सवाआधी मूर्तींच्या कारखान्यात शेडिंग करणारा कारागीर बघा. मूर्तीवर गन नेण्याआधी तो प्रत्येक वेळी बाजूच्या पुठ्ठ्यावर एक फटका मारतो. पुढे शंभर मूर्ती रांगेत असल्या तरी तो ही पायरी टाळत नाही. मी ही सवय तिथूनच उचलली.

हवा

रेग्युलेटरवरचा आकडा ट्रिगर दाबून बघायचा. नुसता कॉम्प्रेसर चालू असताना काटा २० वर असतो. ट्रिगर दाबल्यावर तोच १४-१५ वर येतो आणि फवाऱ्याला मिळतं ते हे खरं प्रेशर. त्यामुळे ट्रिगर दाबून धरा आणि तशातच नॉब फिरवून प्रेशर लावा. स्केल मॉडेलच्या बहुतेक कामाला १५ ते २० पीएसआय, म्हणजे साधारण १ ते १.४ बार पुरतं. बारीक, जवळून मारायच्या रेघांना याहून कमी, पण तेव्हा रंगही जास्त पातळ लागतो.

कॉम्प्रेसरला टाकी नसेल, तर पिस्टनचा प्रत्येक ठोका हवेतून पुढे येतो आणि रेघेत गाठी दिसतात, जपमाळेसारख्या. त्याला नोझल जबाबदार नाही. तीन लिटरची छोटी टाकी जोडली की हा दोष नाहीसा होतो. टाकी शक्य नसेल तर लांब पाइप लावा, थोडा फरक पडतो. हवा कुठून निसटतेय का ते बघायला जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की तो जोड टेफ्लॉन टेप लावून पुन्हा बसवा.

आता पावसाळ्याबद्दल, कारण पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये या एका कारणानं जितकी मॉडेल्स बिघडतात तितकी दुसऱ्या कशानं बिघडत नसावीत. हवा दाबली की ती तापते. तापलेल्या हवेत वाफ वाफच राहते. टाकीत आणि पाइपमधून पुढे जाताना हवा थंड होते आणि वाफेचं पाणी होतं. मॉइश्चर ट्रॅप फक्त पाण्याचे थेंब अडवतो, वाफ नाही. ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून असेल आणि त्याच्यापर्यंत पोचणारी हवा कोमट असेल, तर वाफ ट्रॅपमधून सहज निघून जाते आणि पुढच्या पाइपमध्ये थेंब होऊन बसते. मग तुम्ही पंखावर रंग मारत असता आणि अचानक एक थेंब सुटतो. तो गोल डाग पाण्याचा.

खात्री करायची असेल तर कप रिकामा आणि कोरडा ठेवून स्टीलच्या कोरड्या ताटलीवर अर्धा मिनिट नुसती हवा मारा. ताटलीवर बारीक थेंब दिसले, तर रंग आणि नोझल दोघांना सोडा. पहिल्यांदा टाकीच्या तळाचा स्क्रू उघडून साठलेलं पाणी काढा. त्याआधी कॉम्प्रेसर बंद करा आणि टाकीतली बरीचशी हवा सोडून द्या. पावसाळ्यात मी दर अर्ध्या तासाला हे करतो. दुसरं, एअरब्रशच्या मुठीजवळ बसणारा छोटा दुसरा ट्रॅप लावा. तिथपर्यंत हवा थंड झालेली असते, त्यामुळे तो खरंच पाणी पकडतो. तिसरं, पाइपला टेबलाखाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळात बसेल, हातात येणार नाही. काम संपल्यावर तो झोळ उलटा करून हवा मारून कोरडा करा.

लॅकर रंग वापरत असाल तर पावसात आणखी एक गोष्ट दिसेल. रंग लागल्यावर काही क्षणांत त्यावर पांढुरकी झाक येते. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी बसते. फवाऱ्याचा त्यात दोष नसतो, एअरब्रश खोलू नका. सावकाश सुकणारं थिनर वापरा, मिस्टर लेव्हलिंग थिनर त्यासाठीच असतं. नाहीतर पाऊस थांबून हवा थोडी कोरडी होईपर्यंत थांबा.

रंग

पाण्याची चाचणी ठीक गेली असेल, तर दहातले आठ दोष इथे सापडतात असा माझा अनुभव.

रंग गायीच्या दुधाइतका पातळ हवा. म्हशीच्या साईसकट दुधाइतका नाही. वेगळ्या छोट्या बाटलीत रंग आणि थिनर मिसळा आणि बाटली कलती करा. रंग काचेवरून खाली उतरताना मागे पातळ, पारदर्शक पडदा राहिला तर बरोबर. घट्ट थर चिकटून राहिला तर थिनर कमी आहे. पडदाच राहिला नाही, पाण्यासारखा निघून गेला, तर जास्त झालंय. टामियाच्या अ‍ॅक्रिलिकला मी एक भाग रंगाला एक ते दोन भाग थिनर घेतो. एअरब्रशसाठीच बनवलेल्या व्हॅलेहो मॉडेल एअरला बहुतेक वेळा चार-पाच थेंब पुरतात.

थिनर कोणतं, यावर बरंच काही ठरतं. टामियाचं अ‍ॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, म्हणजे आयपीएमध्ये नीट मिसळतं. व्हॅलेहोमध्ये तेच आयपीए टाकलं की रंगाचा डिंक होतो आणि तो नोझलमध्ये घट्ट बसतो. "दोन्ही अ‍ॅक्रिलिकच" म्हणून एकाच थिनरवर चालवायला गेलेले कितीतरी एअरब्रश मी धुऊन दिलेत. रविवार पेठेत रंगाच्या दुकानात मिळणारं साधं थिनर एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला ठेवा. मॉडेलवर त्याचा थेंब पडला तर पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळतं.

मिसळण्याआधी बाटली फक्त हलवू नका. तळाशी बसलेला रंग काडीनं खरवडून वर आणा आणि सावकाश ढवळा. जोरात हलवलं की फेस होतो आणि फेस कपात गेला की फवारा मध्येमध्ये तुटतो. झाकणाच्या आतल्या कडेला सुकलेल्या रंगाचं कडं असतं, ते पुसून टाका. त्याचाच एखादा कण ०.२ च्या नोझलमध्ये बसतो आणि रेघ बंद पडते. मी सगळा रंग जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यातून गाळतो. बाजारातली बारीक जाळीची गाळणीही चालते, चहाची नको, तिची भोकं मोठी असतात. चांदी-सोनेरी रंगांत धातूचे चपटे कण असतात. ०.२ च्या एअरब्रशनं ते मारायचा हट्ट करू नका. ०.३ किंवा ०.५ घ्या.

आता खुणा वाचायच्या. पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत लागला, तर रंगाचे थेंब मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच सुकतायत. रंग घट्ट आहे, हात लांब आहे किंवा प्रेशर जास्त आहे. थिनर वाढवा, जवळ या, प्रेशर दोन-तीन पीएसआयनं उतरवा, एका वेळी एकच. ठिपके मोठे, विखुरलेले, शिंतोडे उडाल्यासारखे दिसले, तर घट्ट रंगाला प्रेशर कमी पडतंय. रंगाच्या डबक्यातून कोळ्याच्या पायांसारख्या रेषा बाहेर फुटल्या, तर रंग फार पातळ आहे किंवा हात फार जवळ आहे. मग ट्रिगर कमी ओढा, आणि रंग आणखी पातळ करायचा मोह आवरा.

एप्रिल-मेच्या दुपारी, पारा अडतीस-चाळीसवर आणि हवा कोरडी असताना, वेगळाच त्रास होतो. पाच मिनिटं छान चालतं. मग ट्रिगर ओढला तरी रंग येत नाही. आणखी ओढता, तरी नाही. आणखी ओढलं की एकदम गोळा थुंकला जातो. नीडलच्या टोकावर रंग सुकून त्याची टोपी बसते आणि ती सुटताना आपल्याबरोबर ढेकूळ घेऊन जाते. अ‍ॅक्रिलिकमध्ये हे फार होतं. उपाय साधा आहे: थिनरमध्ये बुडवलेला मऊ ब्रश टेबलावर ठेवा आणि दर चार-पाच मिनिटांनी हवा बंद असताना टोक पुसा. टोकावर दात असलेली कॅप असेल, तर तिच्या फटींतून पुसता येतं. रंगात रिटार्डरचे, म्हणजे सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे, दोन-तीन थेंब घाला. आणि पंख्याखाली बसून स्प्रे करू नका. उन्हाळ्यात तसं बसावंसं वाटतं हे खरं, पण पंख्यानं टोक आणखी लवकर सुकतं. त्यापेक्षा सकाळी सातला बसा.

धातू

पाण्याची चाचणी नापास झाली असेल आणि हवा ठीक असेल, तर आता इथे या. तरीही पाना अजून उचलू नका.

ठिपका एका बाजूला कललाय? मागचं कव्हर काढा, नीडल धरणारा नट सैल करा, नीडल तिथल्या तिथे अर्धा फेरा फिरवा आणि नट आवळा. पुन्हा ठिपका मारा. कललेली बाजू नीडलबरोबर फिरली, म्हणजे आधी डावीकडे होती ती आता उजवीकडे गेली, तर नीडलचं टोक वाकलंय. ती जागची हलली नाही, तर पुढची कॅप थोडी फिरवून बघा. आता कॅपबरोबर फिरली, तर कॅपच्या भोकात रंग सुकलाय. दोन्हींनी फिरली नाही, तर नोझलचं तोंड खराब आहे. ही चाचणी मला कुणी आधीच शिकवली असती तर माझी दोन चांगली नोझल वाचली असती.

वाकलेली नीडल तशीच मागे ओढून काढू नका. वाकलेलं टोक हुकासारखं नोझलच्या आतल्या कडेला अडकतं आणि नोझल आतून फाटतं. आधी पुढची कॅप काढा, बाहेर डोकावणारं टोक नखानं हलकेच सरळ करा, मगच ओढा. बाहेर काढल्यावर नीडल टिश्यू पेपरवरून मागून टोकाकडे ओढा. तंतू अडकला तर हुक अजून आहे. २००० ग्रिटच्या ओल्या पॉलिश पेपरवर नीडल अगदी सपाट, निमुळत्या भागाच्या उतारावर ठेवा आणि बोटांत गोल फिरवत स्वतःकडे ओढा. टोकाच्या दिशेनं ढकलायचं नाही. चार-पाच वेळा करून भिंगातून बघा. कोपऱ्यातून मोडल्यासारखी वाकली असेल तर नवी घ्या, सरळ करण्यात अर्थ नाही. घेताना नोझलच्या मापाचीच घ्या. ०.३ च्या नोझलमध्ये ०.२ ची नीडल नीट बसत नाही.

कपात बुडबुडे येतायत? हवा रंगाच्या वाटेनं मागे शिरतेय. एक तर पुढची कॅप रंगानं तुंबलीय, नाहीतर नोझलच्या जोडात फट आहे किंवा नोझलला तडा आहे. कॅप धुऊनही बुडबुडे राहिले तर नोझल काढा. इवाटाच्या अनेक मॉडेल्समध्ये नोझल तांदळाच्या दाण्याएवढं आणि आट्यांचं असतं. ते सोबत आलेल्या छोट्या पान्यानं, दोन बोटांच्या जोरानं, टेकेपर्यंत आवळा आणि थांबा. हार्डर अँड स्टीनबेकच्या एअरब्रशमध्ये नोझलला आटेच नसतात, ते नुसतं बसवलेलं असतं. आट्यांच्या नोझलला आट्यांवर मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात दिला तर फट बंद होते. मेण तोंडापाशी जाऊ देऊ नका. नोझलच्या तोंडाला भिंगाखाली उभी रेघ दिसली, किंवा तोंड घंटेसारखं फाकलेलं दिसलं, तर ते दुरुस्त होत नाही. नवंच लागतं.

नोझलमध्ये रंग सुकला असेल तर टाचणी घालू नका. थिनरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, मग टोक आतून हलकेच साफ करायला बांबूच्या टूथपिकचं टोक भिजवून वापरा. मात्र संपूर्ण एअरब्रश थिनरमध्ये बुडवायचा नाही. आतल्या रबरी ओ-रिंग फुगतात आणि मग ट्रिगरपाशी हवा गळायला लागते.

ट्रिगर जड चालत असेल किंवा ओढून सोडल्यावर लगेच परत येत नसेल, तर नीडलच्या मागच्या भागावर रंग चढलाय का बघा. चढला असेल, तर आतलं टेफ्लॉनचं पॅकिंग सैल झालंय आणि रंग मागे झिरपतोय. पॅकिंगचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळा आणि दर वेळी नीडल सरकवून बघा. हलकासा अडथळा जाणवला की थांबा.

आणखी एक छोटी गोष्ट, जिच्यापायी मी एकदा दोन तास घालवले. कपाच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते रंगानं बुजलं तर कपात हवा जात नाही आणि रंग हळूहळू कमी येत बंद पडतो. झाकण उचललं की पुन्हा चालू. बाटलीतून रंग ओढणाऱ्या एअरब्रशच्या बाटलीच्या झाकणालाही असंच भोक असतं.

हात आणि धुणं

प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी ठिपका पडत असेल, तर यंत्राला दोष नाही. आधी फक्त हवा, हात हलायला लागल्यावर रंग, मग आधी रंग बंद, शेवटी हवा. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा आणि बाहेर संपवा. हवा बंद करताना ट्रिगर मागे ओढलेलाच राहिला, तर टोकावर रंग साठतो आणि पुढच्या दाबाला तो पहिला बाहेर पडतो.

मास्क सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा लावा. एन-९५ रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. एग्झॉस्ट फॅन चालू आणि खिडकी उघडी. जवळ उदबत्ती किंवा गॅस नको.

त्या मुलाचं सुखोई मी दोन दिवस तसंच सुकू दिलं. मग खरखरीत पंख २००० च्या ओल्या पेपरनं घासला. डागांचा पंख तसाच घासून त्यावर प्रायमर मारला. नवं नोझल यायला आठवडा लागला. तोपर्यंत त्यानं माझ्या एअरब्रशवर शाईच्या पाण्यानं पुठ्ठे भरले, आणि आठव्या दिवशी दोन्ही पंखांवर एकाच हातानं, सारखा राखाडी रंग मारला.

काम संपल्यावर तो आता माझ्याकडे शिकला तसं करतो. कप रिकामा, दोनदा थिनर, पुठ्ठ्यावर रंगाचा मागमूस राहत नाही तोवर फवारा. मग नीडल काढून टिश्यूनं टोकाकडे पुसायची, परत घालताना नोझलला टेकली की थांबायचं, दाबायचं नाही. शेवटी बॅटरीच्या पाण्याचा एक कप. नंतर एअरब्रश स्टँडवर, टोक वर ठेवून.